कठड्याची उंची

पुढं काय? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात दोनच पत्रं घेतेय. पहिलं छोटं आहे. दुसरं मोठं आहे, शिवाय माझ्या विषयातलं, त्यामुळं बरीचशी जागा त्यानंच घेतली. नेहमीप्रमाणे नावं आणि गावं छापलेली नाहीत.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी एसटीत वाहक आहे. मुलगा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीए व्हायचं हे त्याचं त्यानंच ठरवलं, मी सांगितलं नव्हतं. फाउंडेशन दोनदा दिली, दोन्ही वेळा राहिली. आता तिसऱ्यांदा देतो म्हणतो, पण पुस्तक उघडलेलं दिसत नाही. विषय काढला की ताटावरून उठतो. त्याला रागवावं की आपणच गप्प बसावं?

उत्तर : दोन्ही नको. सीए हे माझं क्षेत्र नाही, म्हणून आमच्या इमारतीतल्या एका सीए बाईंशी बोलून लिहितेय.

फाउंडेशन ही सीएची पहिली परीक्षा, तिला चार पेपर असतात. हिशेबाचा आणि कायद्याचा पेपर लिहायचा असतो. गणित-सांख्यिकीचा आणि अर्थशास्त्राचा पर्यायी प्रश्नांचा असतो आणि त्यात उत्तर चुकलं की गुण कापतात. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि चारही मिळून ५० टक्के मिळवावे लागतात. त्यामुळं ‘राहिली’ एवढ्या एका शब्दावरून काही कळत नाही. दोन्ही वेळच्या गुणपत्रिका मागून घ्या आणि शेजारी-शेजारी ठेवून बघा. हिशेबात ६० आणि कायद्यात ३२ असं काही दिसलं तर मुलाला हिशेब येतो, मोठी उत्तरं लिहिता येत नाहीत. त्याला सराव हा उपाय आहे. हिशेबातच दोन्ही वेळा पंचविशीत असेल, तर हे काम त्याला आवडतंय का, हे विचारायची वेळ आलीय.

आणखी एक. त्याला हे माहीतही असेल, पण घाबरलेल्या माणसाला माहीत असलेलंही सुचत नाही. बीकॉमला ५५ टक्के मिळाले तर फाउंडेशन न देता थेट पुढच्या टप्प्याला, म्हणजे इंटरमीजिएटला नाव नोंदवता येतं. म्हणजे तिसऱ्यांदा त्याच परीक्षेला बसण्यापेक्षा यंदा बीकॉम मन लावून करणं हासुद्धा सीएचाच रस्ता आहे. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीही आता तीन नाही, दोन वर्षांची झालीय.

जेवताना मात्र विचारू नका. तुम्ही रोज ड्यूटी संपली की डेपोत तिकिटं आणि रोकड जुळवता. कधी तरी पैसे कमी आले असतील, खिशातून भरले असतील, घरी सांगितलं नसेल. तो दिवस त्याला सांगा. गुणपत्रिका त्यानंतर मागा.

प्रश्न : आदरणीय मॅडम,

मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावची. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय भूविज्ञान. खरं सांगायचं तर हा विषय मी निवडला नव्हता. नीटला मार्क कमी पडले. बीएस्सीला गेले तेव्हा केमिस्ट्रीच्या जागा भरल्या होत्या, ऑफिसातले क्लार्क म्हणाले जिऑलॉजीत जागा आहे. घरी मी ‘भूगोल’ असंच सांगितलं, कारण भूविज्ञान म्हणजे काय हे मलाही माहीत नव्हतं.

सध्या घरात एकच विषय आहे. मामा म्हणतात, ग्रॅज्युएशन झालं की पुण्याला जा, दोन वर्षं एमपीएससीचा क्लास लाव. त्यांच्या मित्राची मुलगी पीएसआय झाली, चौकात बॅनर लागला होता. पप्पांची चार एकर कोरडवाहू आहे, सोयाबीन घेतात. ते काहीच बोलत नाहीत. परवा फक्त एवढंच म्हणाले, “अधिकारी झालीस तर बरंच होईल.” आई म्हणते लग्नाचं दोन वर्षं थांबवते, त्याच्या पुढं नाही. मला एमपीएससी नकोच असं नाही. आमच्याकडं एकदा उपजिल्हाधिकारी मॅडम आल्या होत्या, त्यांना बघून चांगलं वाटतं.

गेल्या मे महिन्यात आम्हाला प्रोजेक्ट होता. गावातल्या २४ विहिरींची पातळी मोजायची होती. सरांनी स्टीलची टेप आणि खडू दिला. टेपच्या खालच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची आणि वर ओढली की खडू जिथपर्यंत ओला तिथपर्यंत पाणी. दोन दिवसांत सगळ्या विहिरी झाल्या. रात्री वहीत आकडे लिहिताना लक्षात आलं की पाच विहिरींना कठडा होता आणि मी कठड्यावरून मोजलं होतं. जमिनीपासूनची पातळी पाहिजे, तर कठड्याची उंची वजा करायची राहिली. मैत्रीण म्हणाली, अंदाजे अडीच फूट धर ना. मी दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेले. एक कठडा ७० सेंटिमीटर निघाला आणि एक ११०. आणि एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. आमची विहीर आणि चुलत्यांची विहीर यांच्या मध्ये एकच बांध आहे. दोन्ही जवळजवळ सारख्याच खोल. आमच्या विहिरीत पाणी ९ मीटरवर आणि त्यांच्या ४ मीटरवर. सरांना विचारलं होतं, ते म्हणाले पोर्शन झाला की सांगतो. मग ते राहून गेलं.

मी पाचवीत होते तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. आत्या लातुरात राहते. सुट्टीत तिच्याबरोबर मी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहिलेय.

मॅडम, मी एमएस्सी करू का? सगळे म्हणतात जिऑलॉजीला नोकऱ्या नाहीत आणि मुलींना तर नाहीतच. दोन वर्षं एमएस्सीत गेली तर एमपीएससीला उशीर होईल का? माझं इंग्रजी पण कच्चं आहे.

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले.

उपजिल्हाधिकारी हा शब्द तुझ्या पत्रात एकदाच आलाय. त्यापुढं ‘चांगलं वाटतं’ असं लिहिलंस आणि तिथून पुढं गेलीस. विहिरींवर मात्र भरभरून लिहिलंस. खडू कुठं फासायचा, कोणता कठडा ७० चा, कोणता ११० चा, सगळं आहे. गंमत म्हणजे विहिरींबद्दल तुला माझा सल्ला नको होता. विचारायचं होतं पुढं काय करू ते. मध्येच विहिरी आल्या आणि तुला थांबवेना.

कठड्यापाशी मी थांबले. तेहतीस वर्षं मी महाविद्यालयात भूविज्ञान शिकवलं. दर उन्हाळ्यात मुलांना टेप देऊन विहिरींवर पाठवायचे. कठडा वजा करायचा विसरणं ही तिथली सगळ्यात नेहमीची चूक आहे, माझ्याही हातून झालेली आहे. चूक लक्षात आल्यावर बहुतेक मुलं अडीच फूट धरतात आणि वही पुरी करतात. त्यांना कुणी काही म्हणत नाही, कारण एवढ्या विहिरी पुन्हा तपासायला जाणार कोण? तू गेलीस. मे महिन्यात, पाच आकड्यांसाठी. गेली नसतीस तरी तुझा एकही मार्क कमी झाला नसता, आणि हे तुला माहीत होतं. अशी मुलं मला वर्षाला एखादी भेटायची. एखाद्या वर्षी तीही नाही.

तुझ्या सरांकडून राहून गेलेलं उत्तर आधी देते, ते आणखी लांबायला नको.

तुमच्या शेताखाली बसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हा लाव्हा एका दमात आला नाही. एक थर आला, थंड झाला, त्यावर दुसरा आला, असे कितीतरी. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळं भोकाभोकांचा होतो. विहिरी खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. तो लवकर झिजतो, भुसभुशीत होतो आणि पाणी धरतो. मधला भाग घट्ट, म्हणजे काळा पाषाण. त्यात भेगा असतील तर पाणी मिळतं, नसतील तर कोरडा ठणठणीत. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल मातीसारखा पट्टाही लागतो. हे थर सगळीकडं सारख्या जाडीचे नसतात, भेगांचा तर काहीच नेम नाही. म्हणून एका बांधाच्या अंतरावर दोन विहिरी अगदी वेगळ्या वागू शकतात. चुलत्यांच्या विहिरीला वरच्या अंगाला मांजऱ्या किंवा एखादी चांगली भेग लागली असेल आणि तुमची विहीर पाषाणात गेली असेल, असं होऊ शकतं.

पण खडकाकडं जाण्याआधी एक साधी चौकशी कर. तू मोजलंस त्या सकाळी तुमची मोटार चालली होती का? उपसा झालेल्या विहिरीची पातळी खाली असते आणि आपल्या खडकात ती पुन्हा भरायला कित्येक तास लागतात. म्हणून पातळी मोजायची ती मोटार रात्रभर बंद राहिल्यावर, सकाळी लाइट यायच्या आत. दोन्ही विहिरी एकाच पहाटे पुन्हा मोज. तरीही पाच मीटरचा फरक राहिला तर मग खडक बघ. विहिरीत उतरू नकोस, हे हात जोडून सांगते. वरून कड दिसते तेवढी पुरे. खोदताना काढलेल्या दगडांचा ढीग अजून बांधावर असेल, त्यात काळा घट्ट दगड किती आणि भोकांत पांढरे खडे भरलेला, म्हणजे मांजऱ्या, किती ते मोजून बघ.

आता मामा. मामांचं काही चुकलं नाही. पीएसआय झालेली मुलगी त्यांनी डोळ्यांनी बघितलीय, भूवैज्ञानिक झालेली मुलगी बघितलेली नाही. एमपीएससी वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझे काही विद्यार्थी त्यातून गेले आणि उत्तम काम करतायत. पण मला एक मुलगा आठवतो. सहा वर्षं पुण्यात अभ्यासिकेत बसला. पूर्व परीक्षा तीनदा निघाली, एकदा मुलाखतीपर्यंत पोचला, थोड्या गुणांनी राहिला. हुशारच होता. एकतिसाव्या वर्षी गावी परत आला तेव्हा बीएस्सीला शिकलेलं बरंचसं विसरला होता आणि हातात दुसरं काहीच नव्हतं. त्याचा फोन यायचा तो रात्री अकरानंतर, घरचे झोपल्यावर. पुण्याला जाण्याआधी तो मला भेटायला आला होता. मी त्याला शुभेच्छा दिल्या. एमएस्सी करून जा, हे तीन शब्द मी त्या दिवशी बोलले नाही, आणि त्याची मला अजून टोचणी आहे.

आई दोन वर्षं म्हणते ना? एमएस्सी दोनच वर्षांची असते. ती संपते, आणि संपते तेव्हा हातात पदवी असते. क्लासच्या दोन वर्षांचं तसं नाही. यादीत नाव आलं नाही तर दोनाची तीन होतात, तिनाची चार, आणि प्रत्येक वर्षी ‘एवढं एकच वर्ष’ असं वाटतं. आईपुढं हाच हिशेब मांड. घर चालवणाऱ्या बाईला तो पटकन कळेल.

उशिराची भीतीही सोडून दे. एमपीएससीच्या राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा ३८ वर्षं आहे, मागास प्रवर्गांसाठी ४३. एमएस्सी होईल तेव्हा तू तेवीसच्या आसपास असशील. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि एका वैकल्पिक विषयाचे दोन पेपर. या दोन पेपरांना मिळून ५०० गुण आहेत आणि वैकल्पिक विषयांच्या यादीत भूविज्ञान आहे. उद्या तुला राज्यसेवाच द्यावीशी वाटली तर एमएस्सीची दोन वर्षं वाया गेली असं होणार नाही, त्या ५०० गुणांची तयारी झालेली असेल.

नोकऱ्या नाहीत म्हणणाऱ्यांचं अर्धं खरं आहे. भरपूर नाहीत. पण त्या कुठं आहेत हे तुझ्या आजूबाजूला कुणी शोधलेलं दिसत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे राज्य सरकारचं खातं आहे, मुख्यालय पुण्यात. राज्यभरातल्या ठरावीक विहिरींची पातळी ते वर्षातून चारदा मोजतात : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तू मे महिन्यात केलंस तेच काम. तिथल्या राजपत्रित भूवैज्ञानिकांची पदं एमपीएससीमार्फतच भरली जातात. हे मामांना मुद्दाम सांग. भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय नागपूरला आहे. केंद्राकडं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आहे, १८५१ सालापासूनचं, आणि केंद्रीय भूजल मंडळ आहे. या दोन्हींसाठी यूपीएससी एकत्रित भूवैज्ञानिक परीक्षा घेते. भूवैज्ञानिकाच्या पदाला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते, वय २१ ते ३२, राखीव प्रवर्गांना सवलत. पूर्व परीक्षा ४०० गुणांची, मुख्य ६०० ची, मुलाखत २०० ची. म्हणजे १२०० पैकी खूप मोठा भाग तुझ्या स्वतःच्या विषयावर आहे.

जागा थोड्या असतात, राज्याची जाहिरात दरवर्षी निघत नाही, हे लपवून ठेवणार नाही. सरकारी पद मिळेपर्यंत बोगदे, धरणं, खाणी यांची कामं करणाऱ्या कंपन्या आणि गावांच्या पाण्यावर काम करणाऱ्या संस्था यांत उमेदवारी करावी लागते. तिथं सुरुवातीचा पगार बेताचा आणि फिरती फार. जायचं तर हे धरून जायचं.

‘मुलींना तर नाहीतच’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं त्याला चाळीस वर्षं झाली.

१९८४ साली माझी एमएस्सी झाली. एका खाण कंपनीत मुलाखतीला गेले होते. टेबलापलीकडं तिघं होते. मधल्या गृहस्थांनी माझी फिल्डची वही उघडली, दोन-तीन पानं नीट वाचली, नकाशाचं कौतुक केलं आणि वही बंद करून माझ्याकडं सरकवली. म्हणाले, तुम्हाला खाली उतरवता येणार नाही. ते खोटं बोलत नव्हते. १९५२ च्या खाण कायद्यातलं कलम ४६ स्त्रियांना जमिनीखालच्या खाणीत काम करू देत नव्हतं. ती वही छातीशी धरून मी जिना उतरले तो जिना मला अजून आठवतो. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं ही बंदी अटींवर सैल केली. तेव्हाच्या त्या नियमानं तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी, स्त्रीची लेखी संमती असेल तर, सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळात तिला खाली पाठवता येऊ लागलं. ती बातमी वाचली तेव्हा मी निवृत्तीला आले होते.

कायद्यापुढं माझा इलाज नव्हता. पण खाण नाही म्हटल्यावर पाण्याचं काम आहे का, नकाशांचं आहे का, हे मी कुणाला विचारलंच नाही. पहिली मिळाली ती प्राध्यापकी धरली. पुढं शिकवण्यात जीव रमला, पण रमायला पाच वर्षं लागली. तू विचार. तुझ्या जिल्ह्यातल्या भूजल सर्वेक्षणाच्या कार्यालयात जा, पोर्शनचा प्रश्न घेऊन नव्हे, तुझी २४ विहिरींची वही घेऊन. ऑक्टोबरच्या मोजणीला एक दिवस बरोबर येऊ का म्हणून विचार. नाही म्हणाले तर परत ये, काही बिघडत नाही. हो म्हणाले तर तो एक दिवस माझ्या या अख्ख्या उत्तरापेक्षा जास्त सांगेल. त्यात त्रासही दिसेल. ऊन, न येणारी एसटी, दिवसभर बाईमाणसाला कुठं जायची सोय नसणं. हे सगळं बघूनही दुसऱ्या दिवशी जावंसं वाटतंय का, ते बघ.

एमएस्सीला तुला जवळचं म्हणजे नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. पुणे आणि नागपूर विद्यापीठांतही भूविज्ञानाचे विभाग आहेत. आयआयटीचा रस्ताही तुला बंद नाही. मुंबई, खरगपूर, रुर्की आणि धनबाद इथं एमएस्सीला जॅम नावाच्या परीक्षेतून प्रवेश मिळतो. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरायचा, परीक्षा फेब्रुवारीत. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. शेवटच्या वर्षाची मुलं बसू शकतात आणि वयाची अट नाही. यंदाच भर. आयआयटी मिळालीच पाहिजे म्हणून नाही. त्या निमित्तानं तीन वर्षांचा विषय एकदा सलग वाचून होईल आणि विद्यापीठाच्या प्रवेशालाही तेच कामाला येईल.

इंग्रजीचं म्हणशील तर जॅम आणि यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा दोन्ही इंग्रजीतच असतात, तेव्हा ते टाळता येणार नाही. पण तुझं इंग्रजी तुला वाटतं तेवढं कच्चं नसणार. ‘अमिग्डलॉइडल बसाल्ट’, म्हणजे आपला तो भोकांत खडे भरलेला दगड, तुला झोपेतही लिहिता येत असेल. अडत असेल ते साध्या वाक्यांत. मग रोज रात्री एका विहिरीवर पाच वाक्यं इंग्रजीत लिही. कुठं आहे, किती खोल, कठडा किती, पाणी किती, कडेला कोणता दगड. चोवीस दिवसांत चोवीस विहिरी होतील. चुका दुरुस्त करायला कॉलेजातल्या इंग्रजीच्या बाईंना दाखव. माझ्या अनुभवात असं काही घेऊन येणाऱ्या मुलीला कुणी परत पाठवत नाही.

पैशाचं तू लिहिलं नाहीस, पण चार एकर कोरडवाहू म्हटल्यावर मला कळतं. प्रवेशाआधीच विद्यापीठात मुलींचं वसतिगृह आणि ‘कमवा व शिका’ या दोन्हींची चौकशी कर आणि शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज मुदत संपायच्या आत भर. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव. ऐन वेळी तहसीलमध्ये रांग असते.

पप्पा काही बोलत नाहीत असं लिहिलंयस. त्यांच्याशी करिअरवर बोलूच नकोस, विहिरीवर बोल. एका मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढ, त्यावर २४ ठिपके दे, प्रत्येक ठिपक्याशेजारी कठडा वजा करून आलेली पातळी लिही आणि संध्याकाळी तो कागद त्यांच्यापुढं पसर. मग विचार, आपली विहीर खोदली तेव्हा पहिलं पाणी किती हातांवर लागलं? कोणत्या दगडात लागलं? कुठपर्यंत पहारीनं निघालं आणि सुरुंग कुठून लावावे लागले? ज्या शेतकऱ्यानं विहीर खोदताना बघितलीय तो हे विसरत नाही. चुलत्यांच्या विहिरीचंही त्यांनाच विचार, भाऊ म्हणून तेही त्यांना माहीत असेल. ते सांगतील तसं त्यांच्याच शब्दांत उतरवून घे आणि पहाटेच्या नव्या मोजणीबरोबर मला पाठव. पाच मीटरचा फरक का पडला, ते मग आपण दोघी मिळून बघू.